बुटाच्या टोकावरचं शिल्ला

इटलीतलं शिल्ला हे गाव मी कधी पाहिलं नाही, तरी त्यातून मी डोळे मिटून चालत जाऊ शकते. वरच्या चौकातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, मध्येच समुद्रात घुसलेला प्रचंड कातळ, कातळावर किल्ला, त्याच्या एका अंगाला वाळूची मोठी चौपाटी आणि दुसऱ्या अंगाला पाण्यात पाय सोडून बसलेली कोळ्यांची घरं. हे सगळं मला एका म्हातारीनं सांगितलं, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात, जिथं आमच्या खिडकीतून पाइनच्या झाडांशिवाय काही दिसत नव्हतं.

मी नागपूरची. तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. आमच्या पुस्तकात इटली दीड पानात संपायची. बुटाच्या आकाराचं द्वीपकल्प, द्राक्षं, ऑलिव्ह, ज्वालामुखी. मेसिनाची सामुद्रधुनी फक्त रिकाम्या जागा भरण्यापुरती यायची. मग लग्न झालं, नवऱ्याला अमेरिकेत औषधांच्या कंपनीत काम मिळालं आणि त्र्याण्णव साली आम्ही कॅरीला आलो. त्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. तो सकाळी गाडी काढून रिसर्च पार्ककडे जायचा आणि मी खिडकीत उभी राहायची. कॅरीला क्षितिजच नाही. जिकडे बघावं तिकडे उंच, सरळ, एकसारखी झाडं. मी दहा वर्षं मुलांना दिशा शिकवल्या होत्या, आणि इथं मला दुकानातून बाहेर आल्यावर पूर्व कुठली ते कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. नर्सनं तिला पांढरी टोपी घालून, दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी घेतलं. मग परत दिलं. याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही.

आमच्या लोकांची सात-आठ कुटुंबं त्या भागात होती. नागपूर, औरंगाबाद, मुंबई, कुठून कुठून आलेली. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदना व्हायची आणि नंतर सगळे मिळून जेवायचे. त्या सगळ्यांनी आम्हाला सांभाळलं. डबे आले, फोन आले. एक काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "वय आहे बाई तुझं अजून. होईल दुसरं." मग हळूहळू डबे थांबले, तेही स्वाभाविकच होतं. सगळ्यांना आपापल्या नोकऱ्या होत्या, शाळेत जाणारी मुलं होती. एक दिवस मी आंघोळ करून बाहेर आले तर पाळणा जागेवर नव्हता. नवऱ्यानं तो सुटा करून, खोक्यात भरून, दुकानात रिटर्न केला होता.

"विचारायचं तरी," मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असती?" त्यानं विचारलं, आणि टीव्ही लावला.

त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी भर दुपारी दार वाजलं. दारात एक बुटकी म्हातारी उभी होती. अंगात कुठल्याशा बास्केटबॉल टीमचा ढगळ निळा स्वेटशर्ट, हातात कागदानं झाकलेली ताटली. ती आमच्या खालीच राहायची. येताजाता मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"तू वर रडतेस ते मला खाली ऐकू येतं," ती म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं पुस्तकी, पण त्या दिवशी मला तिचा प्रत्येक शब्द कळला. "रडू नको असं सांगायला आले नाही. वांगी तळली आहेत. खा."

मी तिला आत घेतलं. भिंतीवर तथागतांची तसबीर होती. ती तिच्यासमोर थांबली. "तुझा संत?"

"संत नाही. शिक्षक."

"आणि हा चष्म्यातला, निळ्या कोटातला?"

"यांच्यामुळे माझ्या आज्याच्या मुलांना शाळेत बसायला मिळालं."

तिनं दोन्ही तसबिरींकडे पाहून छातीवर क्रॉस केला. तिच्याकडे आदर दाखवायची तेवढीच एक रीत होती. मग खुर्ची ओढून बसली आणि मी संपूर्ण ताटली संपवेपर्यंत उठली नाही.

त्या दिवसापासून ती रोज यायची किंवा मी खाली जायची. मी तिला मावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे आईची बहीण, हे सांगितल्यावर तिला फार आवडलं. तिचा मुलगा त्याच रिसर्च पार्कमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता. नवरा गेल्यावर त्यानं आईला न्यू जर्सीहून इथं आणलं, आपल्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर हे अपार्टमेंट घेऊन दिलं. दर रविवारी येऊन तो फ्रीज भरून जायचा. वाईट नव्हता तो. पण आठवड्याचे उरलेले दिवस तिला बोलायला कुणी नव्हतं, आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. कॅरीत गाडी नसलेल्या माणसाला पाय नसल्यासारखंच.

"तुझ्या गावाला समुद्र आहे?" तिनं एकदा विचारलं.

मी हसले. नागपुरात तर एक दगडी खांब आहे, देशातली अंतरं जिथून मोजली म्हणतात तो. समुद्र आमच्यापासून सगळ्या बाजूंनी लांब. तिला ते ऐकून माझी दयाच आली. "मग तुम्ही सकाळी उठून बघता काय?" ती म्हणाली.

तिचं गाव शिल्ला. स्पेलिंग पाहिल्यावर मी सिल्ला म्हणाले होते, तिनं तीनदा दुरुस्त केलं. आमच्याकडे शिळा म्हणजे दगड, असं मी सांगितलं तेव्हा ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "बरोबर! दगडच आहे तो!"

मग तिनं बशा, कप आणि पाव मांडून मला गाव समजावलं. टेबलाची कड म्हणजे इटलीचा किनारा, बुटाचा अंगठा. पलीकडची बशी म्हणजे सिसिली. मधल्या पाण्यात प्रवाह दिवसातून कितीतरी वेळा उलटतो, एकदा वर, एकदा खाली, आणि दोन्ही भेटतात तिथं भोवरे उठतात. जुन्या लोकांनी म्हणे त्या कातळाखाली सहा तोंडांची राक्षसीण बसवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवरचे खलाशी उचलणारी. "राक्षसीण कशाला हवी?" मावशी म्हणायची. "पाणीच पुरे आहे." मे महिन्यात तिथं तलवार मासा यायचा. एका होडीवर उंच डोलकाठी असायची, तिच्या टोकाला एक माणूस दिवसभर उन्हात उभा राहायचा आणि मासा दिसला की खाली ओरडून दिशा सांगायचा. तिचा बाप तो डोलकाठीवरचा माणूस होता. उन्हानं त्याचे डोळे लवकर गेले. नंतर तो दारात बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकायचा आणि आज प्रवाह कुठल्या अंगाला आहे ते सांगायचा.

मी पेन्सिल घेऊन नकाशा काढायला लागले. उंची-उताराच्या रेषा, घरं, चर्च, रेल्वेचा बोगदा. कितीतरी महिन्यांनी माझा हात कशाला तरी लागला होता. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायची. "नाही, नाही, आमचं घर पाण्याच्या अजून जवळ. खिडकीतून बादली सोडायचो."

भूकंपाची गोष्ट तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. दोनशे वर्षांपूर्वीची, पण ती अशी सांगायची जणू शेजारणीकडून कालच ऐकली. फेब्रुवारीची थंडी होती. दिवसा जमीन हलली, घरं पडली, किल्ल्याचे बुरूज ढासळले. लोक घाबरले. छपराखाली राहायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं आणि पोरंबाळं, अंथरुणं घेऊन ते खाली मोठ्या चौपाटीवर उतरले. तिथं डोक्यावर पडायला काही नव्हतं. किल्ल्याचा म्हातारा सरदारसुद्धा आपल्या माणसांबरोबर होडीत जाऊन बसला. मग पुन्हा धक्का बसला, आणि चौपाटीपलीकडचा अख्खा डोंगर तुटून समुद्रात पडला. समुद्र उठला. वाळूवरची माणसं गेली, होड्या गेल्या, सरदार गेला.

"आणि जे वर घरात राहिले?" मी विचारलं.

"त्यातले बरेचसे वाचले," ती म्हणाली. "वाचले म्हणजे, त्यांना बाकीच्यांना पुरावं लागलं."

तिच्या आईच्या लहानपणी पुन्हा तसाच भूकंप झाला, त्यात समोरचं मेसिना शहर जमीनदोस्त झालं. आईला ढिगाऱ्यातून काढलं होतं, तिच्या केसांतून कितीतरी दिवस चुना निघत होता. आणि मग महायुद्धात विमानं आली. बाँब पडायला लागले तसे गावातले लोक रेल्वेच्या बोगद्यात जाऊन राहिले. मावशी तेव्हा माझ्याहून लहान होती, कडेवर मुलगी होती, चालायला लागलेली. बोगद्यात ओल होती, माणसांवर माणसं होती, ताप पसरला. मुलगी तिथंच गेली.

हे सांगताना ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही. "आमचं घर शेवटपर्यंत उभंच होतं," ती म्हणाली. "एक काचही फुटली नाही."

माझ्या मनात नागपूरचं घर होतं, आईचे हात होते. तिथंच राहिले असते तर? डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुठंही असतीस तरी हेच झालं असतं. मला ते कळत होतं. कळून उपयोग नव्हता. मी मावशीला ते विचारलं. अशा वेळी म्हातारी माणसं काहीतरी समजुतीचं बोलतात. तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मी पन्नास वर्षं विचार करते आहे," ती म्हणाली. "तुला सांगण्यासारखं काही सापडलं नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे संपणार नाही. वेळ गेला की कमी होईल, असं सगळे म्हणत होते, आणि ही बाई पन्नास वर्षांनंतर माझ्यासमोर बसलेली होती.

शहाण्णव सालच्या वसंतात मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं. मी ठरवलं, मावशीला समुद्र दाखवायचा. विल्मिंग्टनजवळचा किनारा कॅरीपासून अडीच-तीन तासांवर होता. नवरा म्हणाला, "एवढ्या लांब? तू एकटी ड्राइव्ह करशील?" मी म्हणाले, "एकटी कुठं? ती आहे ना." त्यानं गाडीत हवा भरून आणली, तेल तपासलं, नकाशावर रस्ता पिवळा केला. मला रस्ता माहीत होता, तरी मी तो नकाशा घेतला.

मावशीनं त्या दिवशी स्वेटशर्ट काढून ठेवला होता. काळा फ्रॉक, कानात सोन्याचे बारीक डूल. वाटेत मी तिला माझा पहिला समुद्र सांगितला. सहा डिसेंबर होता, आम्ही नागपूरहून रात्रभर बसून दादरला गेलो होतो, चैत्यभूमीला. बापाच्या खांद्यावरून मी पाणी पाहिलं, आणि पाण्याच्या कडेपर्यंत नुसती पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मला वाटलं होतं, समुद्र म्हणजे अशी जागा जिथं आपली सगळी माणसं येतात. मावशी म्हणाली, "बरोबरच वाटलं तुला."

मग आम्ही पोचलो. गाडी लावली, लाकडी पुलावरून वाळूच्या टेकाडापलीकडे गेलो. सपाट, रुंद, पांढरी वाळू. दोन्ही बाजूंना सरळ रेघ मारल्यासारखा किनारा. काही मुलं पतंग उडवत होती. मावशी माझा हात धरून थोडं पुढे गेली आणि थांबली. बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली, मग डावीकडे, मग उजवीकडे, जणू काही शोधत होती.

"पलीकडे काही नाही," ती म्हणाली.

"पलीकडे आफ्रिका आहे," मी म्हणाले. भूगोलाची बाई होते ना.

"दिसत नाही."

"इतक्या लांबून कशी दिसेल?"

"आमच्याकडे पलीकडे दिवे दिसायचे. संध्याकाळी आई म्हणायची, बघ, तिकडच्या बाया पण चूल पेटवताहेत." तिनं माझा हात सोडला. "चल. हा समुद्र नाही."

तिनं पाण्यात पायसुद्धा बुडवला नाही. परतताना ती गाडीत झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मी तिला काहीतरी द्यायला निघाले होते, आणि तिच्याकडे जेवढं शिल्लक होतं त्यातलंही थोडं काढून घेऊन परत आले. त्यानंतर ती शिल्लाबद्दल फारशी बोलली नाही. मी नकाशा काढायला बसले की म्हणायची, "राहू दे, फील्या." फील्या म्हणजे मुलगी. तशी हाक ती मला पहिल्यापासून मारायची, पण आता तिचा आवाज दमलेला असायचा.

सप्टेंबरात फ्रॅन नावाचं वादळ आलं. किनाऱ्यापासून इतक्या आत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आदल्या दुपारी तिचा मुलगा तिला न्यायला आला. त्याचं घर विटांचं होतं, तळघर होतं. मी जिन्यातून त्यांचं बोलणं ऐकत होते. तो इंग्रजीत समजावत होता, ती तिच्या भाषेत नाही म्हणत होती. शेवटी तो वर आला. "तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगता का?"

मी खाली गेले. मावशी पलंगावर बसली होती, दोन्ही हातांनी गादीची कड धरून. "मी घर सोडून जाणार नाही," ती म्हणाली. "आता नाही."

मी मुलाला म्हणाले, "राहू द्या. आम्ही वरच आहोत."

वादळ होऊन गेलं. सकाळी दार उघडलं तर हिरवा, ओला, कापलेल्या लाकडाचा वास. पार्किंगमध्ये पाइन आडवे पडले होते, दोन गाड्या चेपल्या होत्या. पण आमच्या इमारतीला काही झालं नव्हतं. मावशी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी तसं समाधान आधी कधी पाहिलं नव्हतं. "बघितलंस?" ती म्हणाली.

वीज आठवडाभर आली नाही. ऑफिसं बंद, टीव्ही बंद. नवरा आणि मी बाहेरच्या जिन्यावर बसून गॅसच्या शेगडीवर चहा करायचो. असंच बसलो असताना तो एकदम म्हणाला, "ती कशी दिसत होती?"

मला आधी कळलं नाही.

"मी पाहिलं नाही तिला," तो म्हणाला. "नर्सनं विचारलं होतं. मी नाही म्हणालो. आता रोज वाटते, पाहायला पाहिजे होतं."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला चेहरा आठवेना. टोपी आठवली, दुपट्याची निळी-गुलाबी पट्टी आठवली. चेहरा नाही. मी म्हणाले, "तुझ्यासारखी." तो हातातल्या कपाकडे बघत रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढं एकदाच आम्ही तिच्याविषयी बोललो.

त्याच आठवड्यात मावशी अंधाऱ्या न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिचा आवाज मी वरून ऐकला आणि धावत खाली गेले. ती फरशीवर पडली होती आणि मला ओळखत होती, पण इंग्रजी बोलत नव्हती. ऑपरेशननंतर ते परत येईल असं मुलाला वाटत होतं. आलं नाही. चाळीस वर्षं वापरलेली भाषा तिच्यातून निघून गेली, आणि उरलं ते फक्त शिल्लातलं बोलणं, जे तिच्या मुलालाही अर्धंच कळायचं.

तिला नर्सिंग होममध्ये ठेवलं. मी आठवड्यातून तीन-चारदा जायची. तिच्या बाजूला बसून मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत. आम्हाला दोघींनाही काही कळत नव्हतं. कधी तिच्या बोलण्यात एखादी जागा ओळखू यायची, चौपाटी, बोगदा, आणि मी मान हलवायची. एकदा ती माझा हात गच्च धरून घाईघाईनं काहीतरी विचारत राहिली, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, उत्तराची वाट बघत. मी नर्सला बोलावलं, मुलाला फोन लावला. त्याला फोनवर नीट ऐकू आलं नाही. ती काय विचारत होती ते मला कळलं नाही. हो म्हणावं की नाही म्हणावं, तेही समजलं नाही. मी हो म्हणाले. ती रडायला लागली.

पुढच्या जानेवारीत ती गेली. तिला न्यू जर्सीला नवऱ्याशेजारी पुरलं. मला जाता आलं नाही.

काही दिवसांनी मुलगा अपार्टमेंट रिकामं करायला आला. पलंग, खुर्च्या, भांडी ट्रकमध्ये भरल्यावर वर येऊन दारात उभा राहिला. चाळिशीतला, थकलेला, हातमोजे हातात धरलेला माणूस. मी चहा विचारला, तो नको म्हणाला, मग बसला.

"ती तुम्हाला गावाबद्दल सांगायची ना?" त्यानं विचारलं. "मी कधी गेलो नाही. लहानपणी ती सांगायला लागली की मी बाहेर खेळायला पळायचो."

मी त्याला सांगितलं. कातळ, किल्ला, डोलकाठीवर उभा राहणारा त्याचा आजोबा. मग बोगद्याबद्दल सांगितलं, त्याच्या बहिणीबद्दल.

"कुठली बहीण?" तो म्हणाला.

त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता मी, वरच्या मजल्यावरची एक परकी बाई, त्याला सांगत होते. त्यानं तिचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. मावशी तिला नेहमी नुसतं 'मुलगी' म्हणायची.

"तिथं कुणाला विचारता येईल का?" मी म्हणाले.

"तिथं आता आमचं कुणी नाही," तो म्हणाला. खालून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. तो उठला, माझे आभार मानले आणि जिना उतरून गेला.

आणखी दोन वर्षांनी आम्ही व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला गेलो. नवऱ्याची कंपनी बदलली, मलाही कामाची परवानगी मिळाली, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. मूल झालं नाही. भूगोल मी पुन्हा कधी शिकवला नाही. मावशीचं आयुष्य मला तिच्या मुलापेक्षा जास्त माहीत आहे आणि त्याचं मी काय करावं ते मला कुणी सांगितलेलं नाही. कधी गाडी चालवताना त्या बोगद्यातल्या मुलीचा विचार येतो. तिला नाव होतं, ते एका बाईला माहीत होतं, आणि मी रोज तिच्यासमोर बसत असूनही विचारलं नाही, कारण मला वाटलं, आपल्याकडे भरपूर दिवस आहेत.